सिक्वेलला काय आठवतं?

पडद्यावर फक्त मजकूर असतो. परिच्छेदाखाली तीन-चार पर्याय येतात, त्यातला एक निवडला की गोष्ट पुढे सरकते. चित्र नाही, आवाज नाही. अशा गेममध्ये वाचक सुपरहिरो होतो, आणि पहिला भाग गाजला की यथावकाश दुसरा येतो. तो आला की त्याच्यावरचा निकाल बहुतेक वेळा एका वाक्यात लागतो: 'माझ्या निवडींनी काहीच फरक पडला नाही.' कौतुक करणारेही मोजपट्टी तीच वापरतात. शेवट किती, फाटे किती, शब्द किती लाख. ही मोजपट्टी मला उथळ वाटते. शिवाय अजून हातपाय पसरू पाहणाऱ्या या कलाप्रकाराचं तिच्यामुळे नुकसान होतं आहे, असंही माझं मत आहे.

माझं म्हणणं असं की सिक्वेल खेळणारा साक्षीदार शोधत असतो. पहिल्या भागात आपण काय केलं आणि का केलं हे कथेनं पाहिलं आहे, ती ते विसरलेली नाही, एवढी खात्री पटली तर एकाच रस्त्यानं नेणारी गोष्टही त्याला आपली वाटते. ती खात्री नसेल तर शंभर शेवटसुद्धा परके वाटतात. 'फरक पडला नाही' असं म्हणणाऱ्याला झालेलं दुःख खरं आहे, त्यानं सांगितलेलं कारण मात्र बहुधा चुकीचं आहे.

१. फाट्यांचं गणित जुळत नाही

आधी हिशेबाची गोष्ट. एडवर्ड पॅकार्ड यांचं 'द केव्ह ऑफ टाइम' १९७९ मध्ये आलं आणि 'चूज युवर ओन अॅडव्हेंचर' ही पुस्तकमाला सुरू झाली. त्या छोट्या पुस्तकाला ४० शेवट होते आणि मुखपृष्ठावर तो आकडा मिरवला होता. शेवट मोजण्याची सवय तिथूनच लागली. पण त्या पुस्तकातला प्रत्येक फाटा थोडक्यात आटोपतो. दोन-तीन पानांत गुहेतून बाहेर, नाहीतर मरण. पुढच्या पुस्तकाला त्यातलं काहीही सोबत न्यावं लागत नाही.

आता लांब पल्ल्याची गोष्ट घ्या. फक्त २० ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय दिले आणि कुठलाच फाटा पुन्हा मूळ रस्त्याला मिळू दिला नाही, तर शेवटी १०,४८,५७६ टोकं उरतात. प्रत्येक टोकाला ५०० शब्दांचा एकच प्रसंग लिहायचा म्हटलं तरी ५२ कोटींहून जास्त शब्द होतात. हा झाला एका भागाचा शेवट. दुसरा भाग यातल्या प्रत्येक टोकापासून सुरू करायचा, हे कुणाही माणसाला जमणारं नाही.

म्हणून प्रत्येक लेखक फाटे परत एकत्र आणतो. सॅम काबो अॅशवेल यांनी २०१५ मध्ये अशा गेमच्या रचनांचे नमुने मांडले, त्यात फाटे फुटून पुन्हा एका अरुंद वाटेवर येण्याचा नमुना ठळकपणे आहे. मोठे गेम बहुधा याच चालीनं चालतात, आणि लोकांना मनापासून आवडलेलेही. म्हणजे सगळेच गेम एका अर्थी रुळावरून जातात, तरी काहींमध्येच रूळ टोचतात. फाट्यांची संख्या हे त्यामागचं कारण असूच शकत नाही.

२. फाइलमध्ये नेमकं काय जातं

मग कारण कुठे शोधायचं? थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. 'चॉइस ऑफ गेम्स' ही अमेरिकी कंपनी २००९ मध्ये डॅन फॅबुलिक आणि अॅडम स्ट्राँग-मोर्स यांनी सुरू केली. त्यांची 'चॉइसस्क्रिप्ट' ही संगणकभाषा इतकी साधी आहे की प्रोग्रामिंग न येणारा लेखकही ती थोड्या सरावानं शिकतो. हौशी लेखकांसाठी 'होस्टेड गेम्स' ही वेगळी शाखा आहे. सुपरहिरोंचे सर्वांत चर्चेतले मजकुरी गेम याच घरातून आले.

या भाषेत वाचकाची जी निवड लक्षात ठेवायची असते ती एका चलात साठते, आणि ही चलं सेव्ह फाइलमधून पुढच्या भागात जातात. काही चलं होय-नाही स्वरूपाची असतात: अमुक माणसाला वाचवलं की नाही. काही टक्क्यांत मोजली जातात. टक्के वाढवायची त्यांची पद्धत मजेशीर आहे. धैर्य ५० असताना २० टक्के वाढ दिली तर ते ७० होत नाही. शंभरापर्यंत उरलेल्या ५० चे २० टक्के, म्हणजे १० मिळतात आणि धैर्य ६० होतं. तीच वाढ पुन्हा दिली की ६८. शिखर जवळ येईल तशी चढण अवघड होत जाते. लेखकाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे, कारण आकडा कधी हाताबाहेर जात नाही.

पण सिक्वेलच्या दारात हाच आकडा अपुरा पडतो. धैर्य ६८. हे ६८ कशातून आले? एकानं जळत्या इमारतीत उडी घेतली कारण आत मूल होतं. दुसऱ्यानं घेतली कारण बाहेर कॅमेरे होते. दोघांची उडी फाइलमध्ये सारखीच उतरते. सिक्वेल ती फाइल उघडतो आणि दोघांशीही त्याच आवाजात बोलू लागतो. पहिल्याला वाटतं, हा मला ओळखतच नाही. मग तो तक्रार करतो की निवडीनं फरक पडला नाही. फरक तर पडला होता, ६० चे ६८ झाले होते! हरवला तो हेतू.

३. 'द हिरो प्रोजेक्ट' आणि परीक्षेची स्मरणशक्ती

झॅकरी सर्जी यांच्या 'हीरोज राइज' मालिकेचा पहिला भाग 'द प्रॉडिजी' २०१२ मध्ये आला, दुसरा 'द हिरो प्रोजेक्ट' २०१३ मध्ये आणि तिसरा 'हिरोफॉल' २०१४ मध्ये. मिलेनिया सिटी नावाचं शहर, आईवडील तुरुंगात, आजीनं वाढवलेला नायक किंवा नायिका. दुसऱ्या भागात हा नायक सुपरहिरोंच्या एका गाजलेल्या रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धक म्हणून उतरतो.

या भागाचं खुल्या मनानं कौतुक झालं, तेही योग्यच होतं. कथेला वेग आहे. आपण पुरुष की स्त्री, आपल्याला कोण आवडतं, हे वाचकानं ठरवायचं आणि कथेनं त्याचा बाऊ करायचा नाही, हे २०१२-१३ च्या मानानं फार मोकळं होतं. ज्यांना पडद्यावर आपल्यासारखा नायक कधी भेटला नव्हता, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. साक्ष मिळणं म्हणजे काय हे त्या वाचकांना चांगलं कळलं होतं.

नाराजीही तितकीच ठाम होती. गोष्ट रुळावरून जाते, प्रत्येक प्रश्नाला एक 'बरोबर' उत्तर आहे आणि ते ओळखत बसावं लागतं. पहिल्या भागातल्या ब्लॅक मॅजिक या पात्राशी जवळीक कथेनं जवळजवळ गृहीत धरलेली, आणि ज्यांच्या मनात ती नव्हती त्यांच्या पदरी एक न जगलेला भूतकाळ पडतो. या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या जातात. मला त्या एकच वाटतात.

निवडीनंतर लगेच गुण मिळू लागले, कापले जाऊ लागले, की वाचक चार पर्याय वाचताना 'मी काय करेन' असं विचारायचं सोडून देतो आणि 'लेखकाला काय हवंय' असं विचारू लागतो. निवडीची परीक्षा होते. आणि परीक्षेच्या निकालात फक्त गुण उरतात. कोणत्या विचारानं कोणतं उत्तर लिहिलं, याची तिथे नोंद नसते. ब्लॅक मॅजिकच्या बाबतीतही तेच घडतं. कथा म्हणते, तुमच्यात काहीतरी होतं. वाचक म्हणतो, नव्हतं. साक्षीदारच खोटं बोलू लागल्यावर पुढे कितीही फाटे दिले तरी विश्वास परत येत नाही.

४. मोठी निवड काढून घेतली, तरी

आता उलट बाजूचा पुरावा. मालिन रिडेन यांचा 'फॉलन हिरो: रीबर्थ' २०१८ मध्ये होस्टेड गेम्सकडून आला आणि त्याचा सिक्वेल 'रिट्रिब्यूशन' २०२३ मध्ये. लॉस डायब्लोस हे महाभूकंपात उद्ध्वस्त झालेल्या लॉस एंजेलिसच्या जागी उभं राहिलेलं शहर. आपण एकेकाळी साइडस्टेप नावाचा, दुसऱ्यांची मनं वाचणारा मुखवट्यातला हिरो होतो. जगाच्या लेखी आपण मेलेले आहोत. आता परतलो आहोत ते खलनायक होण्याच्या तयारीनं.

इथे वाचकाची सर्वांत मोठी निवड सुरुवातीलाच काढून घेतलेली आहे. खलनायक व्हायचं की नाही, हे त्याला विचारलेलंच नाही. भूतकाळही ठरलेला. शेवट मोजणाऱ्यांच्या न्यायानं या गेमवर रुळांचा आरोप सर्वांत जास्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो या प्रकारातल्या सर्वांत लाडक्या गेमपैकी एक ठरला आणि खेळाडूंनी पाच वर्षं सिक्वेलची वाट पाहिली.

यामागचं रहस्य पर्यायांच्या जातीत आहे. 'फॉलन हिरो' वारंवार 'काय करणार?' ऐवजी 'हे का करतो आहेस?' असं विचारतो. एक प्रसंग जवळून पाहू. जुना सहकारी ऑर्टेगा (वाचकाच्या निवडीनुसार पुरुष किंवा स्त्री) समोर येतो. मेलेला मित्र जिवंत आहे हे त्याला कळलं आहे, पण तो आता काय करतो आहे हे ठाऊक नाही. ही भेट टाळता येत नाही. घटनाक्रमात ती एकच आहे. वाचकाला ठरवायचं असतं ते आतलं: याच्यापासून पळायचं आहे की त्याला जवळ ठेवायचं आहे, जवळ ठेवायचं ते मायेपोटी की माहिती काढायला, आणि एकेकाळी याच्यावर जीव होता का. घटना तसूभरही हलत नाही. पण चार वाचक त्या एकाच भेटीतून चार वेगळ्या गोष्टी घेऊन उठतात.

कारागिरीच्या दृष्टीनं हा पर्याय स्वस्त आहे, कारण त्यामुळे नवी शाखा लिहावी लागत नाही. साक्षीच्या दृष्टीनं तो श्रीमंत आहे, कारण फाइलमध्ये हेतू उतरतो. पुढच्या भागात ऑर्टेगाशी खोटं बोलायची वेळ आली की लेखिकेला ठाऊक असतं, हे खोटं कोण बोलतो आहे. माया असलेला की शिकारी. माझ्या मते या कलाप्रकारातला हा सर्वांत महत्त्वाचा शोध आहे आणि तो फाटे मोजून कधीच हाती लागला नसता.

५. बहात्तर मतांचा रॉबिन

सुपरहिरोंच्या गोष्टीत ही साक्षीची भूक जास्तच तीव्र का असते? दोन कारणं दिसतात. सुपरहिरो म्हणजे जग बदलण्याची ताकद. ती हातात देऊन काहीच बदलू न देणं गुप्तहेराच्या किंवा प्रेमाच्या गोष्टीपेक्षा जास्त झोंबतं. आणि मुखवटा. मुखवट्याच्या गोष्टीत सगळा जीव 'मला कोण ओळखतं' यातच असतो.

या प्रश्नाची मोठी चाचणी गेमच्या आधी, कागदावरच झाली आहे. १९८८ मध्ये डीसी कॉमिक्सनं 'अ डेथ इन द फॅमिली' या बॅटमनच्या कथेत त्याचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनचं, जेसन टॉडचं, भवितव्य वाचकांवर सोपवलं. दोन फोन नंबर दिले, एक जगवण्यासाठी, एक मारण्यासाठी. मारण्याच्या बाजूनं ५,३४३ फोन आले, जगवण्याच्या बाजूनं ५,२७१. फक्त ७२ च्या फरकानं जेसन मेला. निवडीनं फरक पडावा अशी मागणी करणाऱ्यांना याहून ठसठशीत फरक मिळणं अवघड होतं.

पण ती निवड मोठी झाली ती पुढे. जेसनचा पोशाख बॅटमनच्या गुहेत काचेच्या कपाटात राहिला. नंतरचे लेखक त्या मृत्यूकडे परत परत येत राहिले, तो बॅटमनच्या स्वभावाचा भाग झाला. २००५ मध्ये डीसीनं जेसनला रेड हूड म्हणून जिवंत परत आणलं. म्हणजे वाचकांचा निकाल १७ वर्षांनी चक्क फिरवला. फाट्यांच्या हिशेबात ही सरळ फसवणूक म्हणायला हवी. तरी ती कथा लोकांनी स्वीकारली, कारण परतलेल्या जेसनच्या मनात एकच सल होता: मला मारणाऱ्याला तू जिवंत का सोडलंस? परिणाम पुसला गेला, आठवण पुसली गेली नाही. २०२० मध्ये त्याच कथेवर प्रेक्षकानं पर्याय निवडायचा अॅनिमेशनपट निघाला, यातच तो प्रश्न अजून संपलेला नाही हे दिसतं.

६. आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. आठवणच पुरे म्हटलं तर लेखकांना पळवाट मिळेल. टेलटेल या कंपनीच्या 'द वॉकिंग डेड' या गेममध्ये २०१२ पासून पडद्याच्या कोपऱ्यात क्लेमेंटाइन या पात्राबद्दल 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल' अशी ओळ झळकायची, आणि पुष्कळदा पुढे काहीच व्हायचं नाही. एक ओळ टाकली की झाली साक्ष? अजिबात नाही. आठवण आणि उल्लेख यांत फरक आहे. आठवणीची कुणालातरी किंमत मोजावी लागते: कुणी विश्वास ठेवणं थांबवतं, कुणी अनपेक्षितपणे पाठीशी उभं राहतं, एखादं वाक्य पूर्वीसारखं बोलता येत नाही. त्याच कंपनीचा 'बॅटमन: द एनिमी विदिन' (२०१७-१८) हे करून दाखवतो. जॉन डो नावाच्या अस्थिर माणसाशी आपण कसे वागलो, यावर तो शेवटच्या भागात खलनायक जोकर होतो की बॅटमनचं अनुकरण करणारा स्वयंघोषित रक्षक, हे ठरतं. एका माणसाचा स्वभाव आपल्या वागण्याची नोंद होऊन बसतो. पळवाट शोधणाऱ्याला असं लिहिता येणार नाही.

दुसरा आक्षेप ग्राहकाचा आहे. जाहिरातीत 'तुमच्या निवडी कथा घडवतात' असं म्हटलं, पैसे घेतले, मग फाटे द्यायलाच हवेत. वचन मोडलं तर राग रास्तच, इथे माझा काही वाद नाही. पण वचन कशानं फेडलं जातं ते पाहा. 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावरून २०१२ मध्ये मोठा उद्रेक झाला. तीन गेमभर सेव्ह फाइल जपत आलेल्या लोकांना शेवटी तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटलं. जूनमध्ये गेम बनवणाऱ्या बायोवेअरनं मोफत विस्तारित शेवट दिला. त्यात नकाराचा एक नवा शेवट होता, पण भर होता तो आपल्या निर्णयांनंतर सोबत्यांचं आणि त्या जगाचं काय झालं हे दाखवणाऱ्या उत्तरप्रसंगांवर. सगळ्यांचं समाधान झालं नाही. ज्यांचं झालं, त्यांना बहुतांशी साक्षच मिळाली होती.

तिसरा आक्षेप साहित्यिकांकडून येईल: घटना ठरलेल्याच असतील तर सरळ कादंबरी लिहा. मालिकांतल्या नायकांची आपल्याला जुनी ओळख आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुढच्या पुस्तकात भेटतो तेव्हा तो सगळ्या वाचकांचा एकच असतो, आणि वाचक त्याचा साक्षीदार असतो. निवडीच्या गेममध्ये हे नातं उलटतं. हजार वाचकांचे हजार साइडस्टेप असतात आणि कथेला त्या प्रत्येकाची साक्ष द्यायची असते. ऑर्टेगाशी खोटं बोलणारं पात्र कादंबरीत मी बघतो, त्याला समजून घेतो, कदाचित माफही करतो. इथे खोटं मी बोललेलो असतो, दुसरा पर्याय डोळ्यासमोर असताना. ही जबाबदारी घटना बदलली नाही म्हणून कमी होत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. खेळाडू स्वतः तरी कुठे प्रामाणिक असतो? तो मागे जाऊन पर्याय बदलतो, एकाच गेमच्या चार फाइली ठेवतो. सिक्वेलच्या सुरुवातीला जुनी फाइल नसेल तर पहिल्या भागात काय केलं ते प्रश्नोत्तरांतून सांगायची सोय असते, तिथे तो वाटेल तो भूतकाळ सांगू शकतो. ज्याचा स्वतःचा इतिहास असा लवचिक, त्यानं कथेकडे स्मरणशक्ती मागावी का?

मागावी. चार फाइली असणाऱ्यालाही यातला आपला खरा कोण हे ठाऊक असतं. खेळाडूंच्या गप्पा ऐकल्या की 'माझा साइडस्टेप असं कधीच करणार नाही' हे वाक्य हमखास येतं, आणि ते म्हणणाऱ्यानं उत्सुकतेपोटी तेच कृत्य दुसऱ्या फाइलीत करून पाहिलेलं असतं. ते बघणं होतं. एखाद्या कृत्याला 'आपलं' म्हणणं वेगळं. सुरुवातीच्या प्रश्नोत्तरांत पाच वर्षांपूर्वीचा निर्णय बदलून सांगणारा वाचकही काहीतरी खरंच सांगत असतो: तेव्हा मी निर्दयपणे वागलो, आज तसा वागणार नाही. सिक्वेलनं त्याला ही मुभा द्यावी. आणि एकदा त्यानं सांगितलं, की शेवटच्या पानापर्यंत तेच खरं धरून चालावं, अगदी ते वाचकाला स्वतःला गैरसोयीचं होऊ लागलं तरी.